दुसरी वेचणी

शिल्पाची हार्ड डिस्क भिजली ती घागर कलंडल्यामुळे, पण बिघडली सासूच्या मायेमुळे. बियाण्याच्या तुरीला ओल लागू नये म्हणून राख लावून ठेवतात. केवळाबाईंनी भिजलेली डिस्कही तशीच राखेच्या डब्यात पुरली. भोकरजवळच्या शेतात तीन हंगाम वाढवलेल्या गावरान तुरीचे फोटो तिच्यात होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि लातूरच्या कॉलेजात द्यायचा प्रबंध त्या फोटोंवरच उभा होता.

नांदेडला, बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या राजकन्याच्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत सासू-सून बसल्या. राजकन्याने मऊ ब्रशने राख झाडली, खालची सर्किटची पाटी काढून पुसली.

"चालू करून बघितली?"

"एकदा. किरकिरली, लगेच काढली."

"तेवढं बरं केलं."

"राख म्या घातली," केवळाबाई म्हणाल्या. "हिला बोलू नका."

"कुणालाच बोलत नाही, मावशी."

तिने डिस्क जोडली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू हिरवी होऊ लागली. मध्येच लाल ठिपके उमटत. "मूळ डिस्कवर मी काम करत नाही. आधी सगळं दुसरीवर उतरवते. सहज येईल ते आधी घ्यायचं. अडलं तिथं रेटायचं न्हाई, पुढं जायचं. मग मागं फिरायचं."

"कापसासारखंच की," केवळाबाई म्हणाल्या. "फुटलेली बोंडं आधी, बाकीच्याला दुसरी वेचणी."

"हाव. फक्त इथं ओढाताण केली तर झाडच मरतं."

शिल्पा बघत राहिली. आपण असतो तर त्या लाल ठिपक्यांवरच हट्टाने धडका दिल्या असत्या. राजकन्या मात्र डिस्क तापली की थांबे, ती निवेपर्यंत चहा पिई, कान देऊन आवाज ऐके आणि मगच पुढे जाई. दुसऱ्या फेरीत ठिपके विरळ झाले, तिसरीत बोटांवर मोजण्याइतके उरले.

फोटो उघडू लागले. दोन हंगाम पूर्ण आले, तिसराही आला. शेवटचा फोटो तेवढा अर्धाच होता. वरचा भाग करडा, खाली लुगड्याचा काठ, भेगाळलेले पाय आणि तुरीशेजारी उभी धरलेली मोजपट्टी.

"आत्या, तुमचा चेहरा गेला," शिल्पा म्हणाली.

केवळाबाईंनी पडद्याजवळ डोळे नेले. "पट्टीवरचे आकडे दिसून राहिलेत ना?"

"दिसतात."

"मंग माझं तोंड काय करायचंय तुझ्या कॉलेजाला?"