दोन ठोके म्हणजे थांब

मी मोटारहोम बोलतेय. चाकांवरचं घर म्हणा, घरगाडी म्हणा, काहीही म्हणा. फक्त माझ्या आकारावर जाऊ नका. बसएवढी लांब, ट्रकएवढी उंच, अंगाने धिप्पाड आहे मी, पण मनाने अगदी भित्री. रस्त्यावर लोक मला बघून बाजूला होतात. ही आपल्या अंगावर येईल, असं त्यांना वाटतं. आणि इकडे मला वाटत असतं की अख्खं जग माझ्या अंगावर येतंय! झाडाची फांदी आली, भीती. पूल आला, भीती. समोरून दुसरी मोठी गाडी आली की मी आरसे मिटून घेतले असते, पण ते माझ्या हातात नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. आधी नुसता सांगाडा, चाकं आणि इंजिन. मग पत्र्याचं काम करणाऱ्यांनी मला अंग दिलं, सुतारांनी पोटात पलंग, कपाटं आणि एक छोटा ओटा बसवला. ऊन-थंडी आत शिरू नये म्हणून माझ्या भिंतींमध्ये जाडजूड फोम भरला. त्या फोमचा मला फार अभिमान होता. बाहेर कोणी कितीही आरडाओरडा करो, आत शांत. हीच शांतता पुढे माझा थरकाप उडवणार आहे, हे तेव्हा मला कुठून कळणार?

माझे पहिले मालक दोन भाऊ होते. दोघांनी हौसेने मला घेतलं आणि चालवायचं कोणी यावरून दोघांचं बिनसलं. एकाने किल्ली ठेवून घेतली, दुसऱ्याने कागद. मी एका गॅरेजच्या मागे उभी राहिले. टायर बसले, काचांवर धूळ साचली, उंदरांनी माझ्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्या कुरतडून टाकल्या. गॅरेजवाला अधूनमधून माझ्याकडे बघत उभा राहायचा, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळायचं. तो मला भंगारात काढणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

शेवटी दोघा भावांनी कंटाळून मला विकायला काढलं, आणि मग एक दिवस बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त झाल्या होत्या, पण अजून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, डोक्यावरचा पदर सरळ करावा तसा चष्मा सरळ केला आणि गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "अहो, ही गाडी आहे की इमारत?"

"इमारतच आहे बाई," गॅरेजवाला म्हणाला. "पण चाकाच्या खुर्चीसाठी बाजूचं दार रुंद करून, वर उचलणारा पाट बसवायचा, तर एवढी मोठीच लागणार. तुमच्या छोट्या गाडीत तो मावायचा नाही."

चाकाची खुर्ची बाईंच्या नवऱ्याची. ते नळांची कामं करायचे. सगळे त्यांना काका म्हणत. एका आजारपणात त्यांचा एक पाय गेला. घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. शेजारच्या दोघांनी उचललं तरच काका खाली यायचे, आणि कोणाला सारखं सारखं बोलवायला त्यांना लाज वाटायची. म्हणून ते खिडकीत बसून राहायचे. त्याआधी दोघांनी एका छोट्या गाडीतून कितीतरी प्रवास केले होते. तिला ते लाडाने 'चिमणी' म्हणायचे. चिमणी नेहमी काका चालवत. बाईंच्या हाती ती यायची फक्त मागे घेऊन लावायच्या वेळी, कारण तेव्हा काका खाली उतरून मागे उभे राहायचे.

आता चिमणी विकली आणि मी आले. एकदा काकांना खाली आणलं की दिवसेंदिवस माझ्यातच राहायचं आणि फिरायचं, सारखी जिन्याची कटकट नको, असा बाईंचा बेत होता. माझं नाव ठेवलं 'आत्याबाई'. मला राग आला नाही. आत्याबाईंना घरात मान असतो.

दुरुस्ती झाली, पाट बसला. माझ्या पोटातल्या नळ्या मात्र काकांनी स्वतः बदलल्या. खुर्चीतून खाली सरकून, जमिनीवर आडवे होऊन, मागच्या टाकीपासून ते पार पुढे बाईंच्या सीटमागच्या ओट्यापर्यंत त्यांनी तांब्याची नळी नेली. काम करताना ते गुणगुणत होते. बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत काकांच्या हातात त्यांनी पाना बघितला नव्हता.

तेव्हाच मला कळलं की सगळं आता बाईंवर आहे. मला चालवणं त्यांना जमलं नाही, तर काका परत त्या खिडकीत जाऊन बसणार. आणि मी परत गॅरेजच्या मागे.

पहिल्या दिवशी बाई माझ्या सीटवर चढल्या तेव्हा त्यांचे हात कापत होते. स्टिअरिंग माझं, त्यामुळे ते कापणं थेट माझ्या चाकांपर्यंत पोचलं. आम्ही दोघी एकमेकींना घाबरत होतो. सराव करायला एक मोकळं मैदान गाठलं. काका बाजूच्या जागेत, खुर्ची पट्ट्यांनी घट्ट बांधलेली.

"आधी पुढे जा, मग वळव," काका म्हणाले. "हिची शेपूट लांब आहे. तू इकडे वळलीस की ती तिकडे जाते."

"मला माझ्या पुढचंच दिसत नाही, शेपटीचं काय सांगता!"

"चिमणीसारखी चालवू नकोस."

"मग कशी चालवू? हिच्यासारखी चालवायला मला कोणी शिकवलंय?"

दोघं भांडत होते आणि माझ्या कपाटातल्या ताटल्या खडखडत होत्या. पण हळूहळू जमायला लागलं. ब्रेक थोडा आधीपासून दाबायचा, कोपऱ्यावर घाई करायची नाही, आरशांत आलटून पालटून बघत राहायचं. एकदा माझ्या शेपटीने फळवाल्याच्या दुकानाचं छप्पर ओढलं आणि संत्री रस्ताभर पळाली. फळवाला ओरडत आला, पण सीटवर पांढऱ्या केसांच्या बाई बघून गप्प झाला, आणि मग बाईंनी त्याच्याबरोबर खाली बसून एकेक संत्रं वेचलं. एकदा एका बुटक्या पुलासमोर बाईंनी मला थांबवलं आणि खाली उतरून, डोळे बारीक करून, पूल आणि माझं छत बघत राहिल्या. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्नवर हॉर्न! बाईंचे कान लाल झाले, पण घाईने त्या पुढे गेल्या नाहीत. मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरले.

मुलीचा फोन यायचा. "आई, तुझ्या वयात कशाला हे? विकून टाक ती गाडी." बाई म्हणायच्या, "बघू." माझा जीव त्या एका शब्दात अडकून राहायचा.

आणि मग तो तलावाकाठचा दिवस आला.

पहिल्यांदाच आम्ही लांब निघालो होतो. तलावाच्या काठावर गाड्यांना पाणी भरायची सोय होती: दगडी भिंत आणि भिंतीला नळ. टाकीचं तोंड माझ्या मागच्या बाजूला, बंपरच्या वर. म्हणून मला उलटं भिंतीपाशी न्यायचं होतं. खाली सगळी खडी.

"मी बघतो मागे," काका म्हणाले.

बाईंना ते आवडलं नाही, पण नाही म्हणवलं नाही. नळ्या बदलल्यानंतर पहिल्यांदाच काका काही करायला निघाले होते, आणि तेही तेच जुनं काम. पाट खाली आला, काका खुर्ची ढकलत बाईंच्या दाराशी आले आणि त्यांनी पत्र्यावर एक ठोका मारला.

हा ठोका काकांच्या कामातला. इमारतीत नळ दुरुस्त करताना एक जण वर, एक जण खाली असायचा. हाका पोचायच्या नाहीत, म्हणून नळीवर ठोके मारायचे. एक ठोका म्हणजे पाणी सोड, दोन ठोके म्हणजे बंद कर. तीच सवय दोघांनी चिमणीवर वापरली. एक ठोका म्हणजे ये, दोन ठोके म्हणजे थांब. आणि मध्ये आवाज नाही म्हणजे येत राहा. असं त्यांनी आयुष्यभर केलं होतं. चिमणी होती डब्यासारखी. तिच्या मागे बोट जरी वाजवलं तरी पुढे ऐकू यायचं. शिवाय मागच्या काचेतून बाईंना काकांचं डोकंही दिसायचं.

माझ्या मागे काच नाही. तिथे पलंग आहे. आणि माझ्या भिंतीत फोम आहे. ही गोष्ट त्या दिवशी दोघांच्याही लक्षात आली नाही. लक्षात आली ती फक्त माझ्या, आणि मला तोंड नाही.

काका मागे गेले. भिंत आणि मी यांच्या बरोबर मध्ये त्यांनी खुर्ची लावली. दोन्ही आरशांत बाईंना खडी दिसत होती, तलाव दिसत होता, काका दिसत नव्हते. बाईंनी मला हळूच मागे सोडलं.

काकांनी हात वर केला. मग माझ्या मागच्या पत्र्यावर थाप मारली. दोनदा. थांब.

मला ती थाप लागली हो! स्पष्ट लागली! पण फोमने ती गिळून टाकली. बाईंच्या कानापर्यंत काहीच गेलं नाही, आणि आवाज नाही म्हणजे येत राहा. बाई येत राहिल्या.

काकांनी परत दोनदा मारलं. मग जोरात. मग दोन्ही हातांनी. त्यांनी खुर्ची बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण पुढची छोटी चाकं खडीत रुतली होती. "अगं थांब! थांब!" ते ओरडले. इंजिनाच्या आवाजात ती हाक तिथेच विरली. मी काय करणार? ज्या चाकांवर मी उभी आहे ती चाकं माझं ऐकत नाहीत. मी माझ्याच पायांनी त्या माणसाकडे चालले होते, ज्याने माझ्या पोटात आडवं होऊन मला परत जिवंत केलं होतं. एवढी भीती मला भंगाराचीही वाटली नव्हती. काकांनी खुर्ची कशीबशी मागे रेटली, आणि तिची पाठ भिंतीला टेकली.

आणि काका ओरडायचे थांबले.

त्यांनी खुर्चीच्या पिशवीत हात घातला. पाना काढला. माझ्या टाकीच्या तोंडाशी त्यांचीच तांब्याची नळी थोडी बाहेर आलेली होती. तिच्यावर त्यांनी दोन ठोके मारले.

ठण ठण.

तो आवाज माझ्या पोटातून असा सरसर गेला की काय सांगू! टाकीपासून, पलंगाखालून, कपाटामागून, पार पुढे ओट्यापर्यंत. बाईंच्या डोक्यामागे नळ थरथरला आणि त्याच्यावर अडकवलेला स्टीलचा पेला वाजला. दोन वेळा. बाईंनी विचार केला नाही. त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ताटल्या आदळल्या, मी जागच्या जागी गचकन थांबले.

बाईंनी मला थोडं पुढे घेतलं, हँडब्रेक लावला आणि खडीतून धडपडत मागे धावल्या.

काका तसेच बसले होते. त्यांच्या उरलेल्या पायाच्या गुडघ्यावर माझ्या बंपरच्या धुळीची एक रेघ उमटली होती. तेवढीच. पँटही फाटली नव्हती.

बाई ती रेघ बघत राहिल्या. मग खाली खडीत बसल्या.

"अहो, ठोका का नाही मारलात?"

"मारला गं. किती वेळा मारला."

"मला आलाच नाही ऐकू."

"माहितेय."

"तुम्ही मला दिसत नव्हता. आणि मी येत होते. मी तुमच्याकडेच येत होते हो." बाईंनी तोंडावर पदर घेतला. "मी नाही चालवणार ही गाडी. विका. आजच विका. मला नाही जमत."

 काकांनी पाना पुसला आणि पिशवीत ठेवला.   मग ते म्हणाले, "चूक आत्याबाईंची नाही. आपण तिला चिमणी समजलो."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटली. अजून वाटतेय." त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "यापुढे मी मागे येणार नाही. तू उतर आणि तूच बघ. मी आत बसेन."

"आणि मला कसं कळणार तुम्ही आतच आहात ते? तुमचा काय भरवसा! लगेच मदतीला धावाल."

काका हसले. रडवेलं हसू होतं, पण हसू होतं.

बाईंनी मला विकलं नाही. त्या आजही मला चालवतात, आणि आजही घाबरतात. रस्त्यात मला मागे घ्यायची वेळ आली की बाई आधी थांबतात. खाली उतरतात. मला पूर्ण वळसा घालतात, चाकांमध्ये वाकून बघतात, मागची मोकळी जागा डोळ्यांनी बघून घेतात. मग टाकीच्या तोंडाशी जाऊन, त्या तांब्याच्या नळीवर अंगठीने एक ठोका मारतात आणि कान लावून उभ्या राहतात.

तो क्षण मला अजून सोसत नाही. नळी गार असते, आत काही हलत नाही, बाईंचा श्वास अडकलेला असतो आणि माझाही.

मग आतून, ओट्याजवळून, पान्याचा एक ठोका येतो. मी आत आहे.

तेव्हाच बाई सीटवर चढतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती. कधी एखाद्या अरुंद रस्त्यात माझ्यासारखी अवाढव्य गाडी तुमची वाट अडवून उभी दिसली, आणि एक म्हातारी बाई तिच्या मागे नळीला कान लावून उभी दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. तुमच्या हॉर्नमध्ये तिला तो एक ठोका ऐकू येणार नाही.