दुसऱ्या डोळ्याचा थेंब

मालनबाईने बाटलीचं टोपण काढलं, भगवंतरावांची खालची पापणी बोटाने ओढली आणि एकच थेंब नेमका आत सोडला.

“मिटा. अन् चोळू नका.”

भगवंतरावांनी डोळा मिटला. मोतीबिंदू निघून दोन महिने झाले होते. दिसायला लागलं, पण डोळे असे कोरडे पडले की पापणीखाली सारखी वाळू सलावी. डॉक्टरांनी हे नकली आसू लिहून दिले, दिवसातून चार वेळा. म्हाताऱ्याचा हात कापरा, बायको गेलेली, लेक नागपुरात. मग शेजारची मालनबाईच आपणहून पुढे झाली होती.

“तीस वरसं तुमच्या विहिरीचं पानी भरून राह्यलो आमी, मामाजी,” ती म्हणाली होती. “इतकं तं केलंच पायजे.”

ते ऐकून म्हातारा मूग गिळून बसला होता.

आज तिने कमरेचा एक पिवळा पडलेला कागद काढला. आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्यांचं जैनथ गाव आदिलाबादेतच राहिलं. पण जमिनीच्या नव्या पासबुकांसाठी गावोगाव जुने कागद तपासणं सुरू झालं होतं. तिच्या पेटीतला हा कागद निजामाच्या वेळचा, सगळा उर्दूत.

“ऑफिसातल्या पोरायले हे वाचता येत नाई. एकडाव तुमीच वाचा. आता तं डोळे नवे झाले तुमचे.”

गावात उर्दू जाणणारे ते एकटेच उरले होते. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वासरांत लंगडी गाय शहाणी. तीस वर्षांपूर्वी मालनबाईचा नवरा, फकिरा, हाच कागद घेऊन याच ओसरीवर आला होता. भगवंतरावांनी ओळींवरून बोट फिरवून सांगितलं होतं, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची विहीर आमच्याकडे लागते. फकिराने मान डोलावली, कागदाची घडी केली आणि मरेपर्यंत कोरडवाहू कापूस-ज्वारी पेरत राहिला. कधी उलटून एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं भगवंतरावांना अलीकडे फार वाटायचं.

“अक्षरं नाचून राह्यली,” ते म्हणाले. “राहू दे आज.”

“आत्ताच तं थेंब टाकला. उघडून तं पाहा.”

त्यांनी डोळा उघडला. थेंब टाकल्यावर घटकाभर सगळं लख्ख दिसायचं. काळी शाई, फकिराच्या बापाचं नाव आणि त्याच ओळीत पुढे विहीर. पुन्हा तेच जुनं सांगितलं असतं, तरी गावात पडताळणारं कोणी नव्हतं.

“विहीर तुमची हाय, मालन,” ते म्हणाले. “तुज्या सासऱ्याच्या नावावर. ऑफिसात मी येतो वाचून दाखवाले.”

मालनबाई कागदाकडे पाहत राहिली.

“पन आमच्या घरच्यायले तं तुमी...” ती थांबली. मग तिनेच वाट काढली. “तवाच मोतीबिंदू असन तुमच्या डोळ्यात.”

हो म्हटलं की झालं. विहीर तिला मिळाली असती आणि म्हाताऱ्याची अब्रूही झाकून राहिली असती.

“नाई,” भगवंतराव म्हणाले. “तवा डोळे चांगले होते.”

 मालनबाईने जुन्या घडीवरच कागद दुमडला आणि कमरेला खोचला. भगवंतरावांना वाटलं, आता ही उठेल आणि पुन्हा या ओसरीची पायरी चढायची नाही. तिने तसं केलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं.

तिने बाटली उचलली.

“वर पाहा. दुसरा डोळा राह्यला.”

दोन महिन्यांत तिचा नेम कधी चुकला नव्हता. आज थेंब गालावर पडला. तिने तो पुसला नाही, त्यांनीही नाही.

“हलू नका,” ती म्हणाली, आणि बाटली पुन्हा धरली.