गाळणीकडे तीस, साबणदाणीकडे बारा

दाराआडून दिशाचा आवाज आला, "हॅलो सर, माझा आवाज येतोय का?" आणि वनमालाने वालाच्या उसळीखालचा गॅस बारीक केला. गॅस बारीक केल्याने नेट मोठं होतं असं काही तिला वाटत नव्हतं. पण पोरगी आत हाका मारत असताना आईने काहीतरी करायला हवं, आणि हाताशी तेवढंच बटण होतं.

"सर? ऐकू येतंय का, सर?" मग शांतता. मग लॅपटॉप मिटल्याचा आवाज.

दिशा केस वर बांधत बाहेर आली. ती एका विमा कंपनीत होती. घरी बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांना थंड करायचं, हे तिचं काम. "गेला. आधीच तापला होता बिचारा. आता माझीच तक्रार करेल."

"आमच्या वेळी हे असं नव्हतं," चंद्रप्रकाश पेपराच्या मागून म्हणाला.

"बाबा, तुमच्या वेळी नेटच नव्हतं."

"तेच सांगतोय. नव्हतं, तर तुटायचं कुठून?"

दिशा हसली नाही, तेव्हाच वनमालाला कळलं की काहीतरी बिनसलंय. ते ताटं वाढल्यावर बाहेर आलं. मॅनेजरने सांगितलं होतं, रोज चार-चार कॉल तुटतात, हे चालणार नाही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तो स्वतः दिवसभर दिशाचे कॉल ऐकणार. त्यात गडबड झाली, तर एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. अपूर्वा, तिची मैत्रीण, तिथेच राहत होती. तिच्या खोलीत एक कॉट रिकामी होती.

वनमालाने दिशाच्या ताटात न मागता उसळीचा आणखी एक डाव वाढला. पोरगी सव्वीस वर्षांची, कधीतरी जाणार हे काय तिला कळत नव्हतं? पण लग्न करून जावी, नाहीतर मोठ्या हुद्द्यावर जावी. वायर नीट नाही म्हणून घरातून माणूस जातं का कुठे?

"कॉट कसली, लोखंडी?" तिने विचारलं. जे विचारायचं होतं ते विचारता येईना, म्हणून.

"मला काय माहीत, आई."

"आपण कंपनी बदलू. ही झूमलाइन मेली कामाची नाही."

"बदलून कुठली घेशील?" चंद्रप्रकाशने विचारलं. "जाहिरातीत सगळेच सुसाट." तो दिंडोशीच्या कोर्टात बेलिफ होता. लोकांच्या दारात समन्स घेऊन उभं राहण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि पुराव्याशिवाय तो घरात मिठालाही खारट म्हणत नसे. "पुरावा आण. मग बदलू."

पुरावा आणायला देवाने महिना मात्र बरोबर दिला होता. संक्रांत नुकतीच झाली होती, आणि रथसप्तमीपर्यंत सोसायटीत रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू होतं. कुठल्याही घरात बेधडक शिरायचं, बसायचं, सामोसा खायचा आणि वर वाण घेऊन यायचं, अशी सोय वर्षातून एकदाच. दिशाने वनमालाच्या फोनवर स्पीड मोजायचं ॲप टाकून दिलं. गोल तबकडी, त्यात एक काटा. काटा जितका उजवीकडे, तितकं नेट चांगलं.

पहिला मान सेक्रेटरींच्या बायकोचा. अनुपमाने तिळाची वडी हातावर ठेवली, गुलाबपाणी शिंपडलं आणि चहाची गाळणी वाण म्हणून दिली. वनमाला काळ्या साडीच्या निऱ्या सावरत म्हणाली, "अनुपमा, जरा वायफाय दे गं. माझ्या मोबाइलचं नेट संपलंय."

अनुपमाचा चेहरा दागिना उसना मागितल्यासारखा झाला. "पासवर्ड ना, ह्यांनाच माहीत असतो," ती म्हणाली. वनमाला तिच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी अनुपमाने फोन स्वतःच्या हातात घेऊन, पाठ फिरवून, पासवर्ड टाकून दिला.

काय एकेक माणसं असतात, वनमालाच्या मनात आलं. मी तर कुरियरवाल्यालासुद्धा सांगते. विरजण मागायला कुणी आलं तर आपण भांडं झाकतो का?

काटा तीसवर थांबला.

मग तळमजल्यावरची जानकी. तिच्याकडे बायका इतक्या दाटल्या होत्या की वाण खिडकीतून बाहेर जात होतं. साबणदाणी मिळाली आणि काटा बारावर अडला. मग बी विंगमधली राधा. तिने लिंबू पिळायचं यंत्र दिलं, चाळीस दाखवले, आणि वर विचारलं, "वहिनी, तुम्ही सारखं फोनमध्ये काय बघता? स्थळ आलंय का दिशाला?"

"आलंय," वनमाला म्हणाली. "पुण्याचं. मोडायच्या मागे आहे."

रात्री जेवणं झाल्यावर तिने टेबलावर सगळी वाणं मांडली. कंपन्यांची नावं तिच्या लक्षात राहत नव्हती, पण कुणी काय दिलं ते बाई विसरत नाही.

"हे बघा. गाळणीकडे तीस. साबणदाणीकडे बारा. लिंबूवालीकडे चाळीस, पण तिची सासू म्हणाली संध्याकाळी मालिका अडकते."

"आणि आपलं?" चंद्रप्रकाशने विचारलं.

दिशाने मोजलं. काटा जरा हलला, चारपर्यंत गेला आणि दमल्यासारखा तिथेच बसला.

"म्हणजे साबणदाणीसुद्धा आपल्या तिप्पट," चंद्रप्रकाश म्हणाला. "आरोप सिद्ध. पण चौथ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाताई देवरुखकरांचं राहिलं ना?"

"त्यांच्याकडे कुठलं हळदीकुंकू?" वनमाला सहज बोलून गेली, आणि मग तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. शर्मिष्ठाताईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ती त्यांच्याकडे किती वेळा गेली? एकदा चुकून त्यांचं पार्सल आलं तेव्हा. आणि एकदा पाण्याच्या टाकीच्या सहीसाठी.

दुसऱ्या दिवशी ती तिळगुळाचा डबा घेऊन चौथ्या मजल्यावर गेली. शर्मिष्ठाताईंनी दार उघडलं आणि आधी तिच्या मागे पाहिलं, बरोबर कुणी सही मागणारं आहे का म्हणून.

"एकटीच आलेय, ताई. तिळगूळ घ्या."

घर लखलखीत. सोफ्यावरच्या उशीला कुणी टेकल्याची खूण नाही. शर्मिष्ठाताईंनी उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेला. कानाला हेडफोन लावून गावोगावचे ट्रंककॉल जोडून द्यायच्या. अजूनही बोलायच्या त्या समोरच्याला नीट ऐकू जावं अशा, एकेक शब्द सुटा करून.

"नेट? टाक ना," त्या म्हणाल्या आणि पासवर्ड सांगून मोकळ्या झाल्या. "माझं नेट धावतं कशासाठी, कोण जाणे. रविवारी सर्वेश कॅनडाहून फोन करतो, तेवढंच."

वनमालाने बटण दाबलं. काटा उठला, तीस ओलांडून गेला, लिंबूवालीला मागे टाकून नव्वदच्या पुढे पोचला आणि तिथे मजेत थरथरत राहिला.

"अगो बाय," वनमालाच्या तोंडून माहेरचं निघालं. "कंपनी कुठली, ताई? आजच्या आज घेते."

"झूमलाइन."

"झूमलाइन तर आमच्याकडे आहे."

"माहितीये. एकाच दिवशी वायर टाकली, एकाच माणसाने. आधी तुझ्याकडे जोडली, मग माझ्याकडे. पॅकही तोच." शर्मिष्ठाताईंनी चहाचा कप पुढे केला. "वनमाला, एक विचारू? तुझ्या दारासमोर, जिन्यावर, सारखी माणसं का बसलेली असतात?"

"ती होय? वारा येतो ना तिथे."

"तिथे खिडकी नाहीये."

वनमालाने कप खाली ठेवला. जिना डोळ्यांसमोर आणला. खरंच की, तिथे खिडकी नव्हती. कधीच नव्हती.

"एका लाइनवर दहा घरं बोलायला बसली की कुणालाच काही ऐकू जात नाही," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. "त्यात कंपनीचा दोष काय?"

उतरताना तिने लिफ्ट घेतली नाही. पहिल्या मजल्यावर, तिच्या दारासमोरच्या जिन्यावर, मंडळी बसली होतीच. वॉचमन नंदकिशोर भिंतीला टेकून कसली तरी कुस्ती बघत होता. इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन गाणी ऐकत होता. कॉलेजच्या दोन मुली एकाच फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. सगळ्यांनी सरकून तिला वाट दिली. "या मावशी." "वहिनी, सांभाळून."

तीन वर्षं तिला वाटत होतं, ही माणसं आपल्यापाशी येतात. आपला स्वभावच तसा, म्हणून येतात.

घरी येऊन तिने दिशाला सांगितलं. दिशा कपाळाला हात लावून हसायला लागली. "आई, तू सगळ्यांना पासवर्ड दिलास?"

"मागितला तर नाही कसं म्हणायचं? पाणी मागितलं तर आपण नळाला कुलूप घालतो का?"

"आता बदलूया. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि उद्या दारात उभी राहून त्यांना काय सांगू? आपल्या मिठबावकरांच्या घराला आजवर दिवसा कडी लागलेली नाही, दिशा."

"समन्स मी बजावतो," चंद्रप्रकाश म्हणाला. "मला सवय आहे."

दिशाचं हसू थांबलं. ती आईच्या शेजारी येऊन बसली आणि टेबलावरची साबणदाणी उगाच उघडझाप करत म्हणाली, "आई, मला जायचं नाहीये गं पुण्याला."

इतक्या दिवसांत हे कुणी बोललंच नव्हतं. वनमाला विचारायला घाबरत होती आणि दिशा सांगायला. वनमालाने साबणदाणी तिच्या हातातून काढून घेतली. "मग बदल तो मेला पासवर्ड."

सकाळी ती स्वतःच दार उघडून, खुर्ची टाकून बसली. नंदकिशोर फोन हलवत आला. "वहिनी, नेट गेला काय?"

"गेलं नाही, नंदू. मी बंद केलं." बोलताना तिचे कान गरम झाले. "दिशाची नोकरी त्यावर आहे. तिला पुरेना."

नंदकिशोरने फोन खिशात टाकला. "मग आधी बोलायचं ना. आम्ही काय, कुस्ती बघतो," तो म्हणाला आणि टोपी सारखी करून निघाला. इस्त्रीवाल्याने मान डोलवली. मुली हिरमुसून उठल्या. जिना इतका रिकामा झाला की वनमालाला तिथे झाडू मारावासा वाटला, म्हणजे तेवढंच तिथे जाणं झालं असतं.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. शर्मिष्ठाताई बाहेर आल्या. जरीच्या काठाची साडी नेसून, एक्सचेंजमध्ये ड्यूटीवर निघाल्यासारख्या.

"नंदकिशोर, पळू नकोस. मुलींनो, तुम्हीही ऐका," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "चौथ्या मजल्यावर या. चपला बाहेर काढायच्या. कुस्ती बघायची, तर कानात बोंडं घालून. चहा मी करीन, दूध तुम्ही आणायचं."

"आंटी, तुमच्या घरात?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"नाहीतर काय, जिन्यावर? तिथे वारा येत नाही." त्यांनी वनमालाकडे पाहिलंही नाही, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

शुक्रवारी मॅनेजर सकाळपासून लाइनवर होता. वनमालाने कुकर लावला नाही, शिट्टी नको म्हणून. चंद्रप्रकाशने रजा टाकली, आणि टीव्हीकडे पाठ करून, तो चुकून लागेल अशा भीतीने, पेपर वाचत बसला. दाराआडून दिशाचा आवाज येत होता. "हो सर, समजलं. मी बघते. नाही, तुमचं काही चुकलेलं नाही." दुपार झाली. कुणी तरी बाई फोनवर पलीकडून रडत असावी, कारण दिशा बराच वेळ "हं, हं" करत होती, आणि ते हुंकार एकही न तुटता पार गेले. "माझा आवाज येतोय का" हे वाक्य दिवसभर ऐकू आलं नाही, आणि संध्याकाळी वनमालाला उगाचच त्याची आठवण झाली.

दिशा बाहेर आली. "अपूर्वाला सांगितलं, कॉट दुसऱ्या कुणाला दे."

"बरं केलंस," वनमाला म्हणाली आणि तोंड फिरवून डाळीला फोडणी देऊ लागली. "लोखंडी होती ना. गंजली असती."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी वनमालाचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून तिने मोबाइल उभा ठेवायचे प्लॅस्टिकचे स्टँड आणले होते. चौथ्या मजल्यावर आमंत्रणाला ती स्वतः गेली. शर्मिष्ठाताई म्हणाल्या, "मला? हळदीकुंकवाला?"

"मी बोलवतेय. कपाळाला काय लावायचं आणि काय नाही, ते तुम्ही ठरवा. पण वाण मी तुमच्यासाठी निळ्या रंगाचं काढून ठेवलंय."

त्या आल्या. घोळक्यातल्या दोघीतिघी गप्प झाल्या, आणि अनुपमा सामोशाकडे फार लक्ष देऊन बघू लागली. वनमालाने करंडा पुढे केला. शर्मिष्ठाताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि कपाळ पुढे केलं. जानकीने सरकून त्यांना सोफ्यावर जागा दिली, राधाने "ताई, साडी कुठून घेतली?" विचारलं, आणि हॉलमध्ये पुन्हा कलकलाट सुरू झाला.

निघताना शर्मिष्ठाताई दारात थांबल्या. "वनमाला, ते तबकडीवालं ॲप मीही टाकलंय. हे बघ." त्यांनी फोन पुढे धरला. काटा अकरावर होता.

"अगो बाय, साबणदाणीच्याही खाली? ताई, मी नंदूला सांगते, जरा कमी जणांनी..."

"खबरदार," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. "काल तर सातवर होता. इस्त्रीवाल्याची बायकोपण आली होती." आणि लिफ्टची वाट बघता बघता त्यांनी तो फोन जानकीला दाखवला, मग राधाला, मग अनुपमालाही. नातवाचा फोटो दाखवावा तसा.