आमच्या घरातलं एकुलतं एक मत

आमच्या घरात मत एकच आहे आणि ते माझं आहे, ही गोष्ट आमच्या मराठी मंडळात कोणालाच माहीत नाही. आमच्या ह्यांना, म्हणजे गिरीशना, मिशिगनमध्ये येऊन चाळीस वर्षं झाली. त्यामुळे ते अमेरिकन नागरिक असणारच असं सगळे धरून चालतात, आणि हेही कोणाचा गैरसमज दूर करायला जात नाहीत. खरं तर ह्यांच्याकडे अजून ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्टच आहे. नागरिक मी.

असं का, तर हे मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर होते. गाडीत ब्रेकची सर्किटं दोन असतात, एक बिघडलं तर दुसरं गाडी थांबवतं, हे त्यांनी आयुष्यभर केलं आणि तेच संसाराला लावलं. एकानं इकडचं व्हायचं, एकानं तिकडचं राहायचं. परत जायचं ठरलं तर एक पासपोर्ट तयार, इथेच राहायचं ठरलं तर एक तयार. तिकडचं सर्किट त्यांनी स्वतःकडे ठेवलं आणि शपथ घ्यायला मला पाठवलं. परत जायचं ते 'पुढच्या वर्षी', आणि ते पुढचं वर्ष अजून पुढेच आहे.

माझं मतही तसं त्यांच्याच ताब्यात. मतपत्रिका पोस्टानं घरीच येते. दर निवडणुकीला हे अभ्यास करणार, तिच्यावर कोणाच्या नावापुढचा गोळा भरायचा त्याची चिठ्ठी करणार, आणि मी ती समोर ठेवून गोळे भरणार. मला त्या राजकारणात काडीचा रस नव्हता. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत माझं मतदान आटोपायचं.

मग लायब्ररीचं प्रकरण निघालं. ट्रॉयच्या शेजारचं आमचं गाव लहान, पण लायब्ररी चांगली. तिचे पैसे संपत आले होते. तेव्हा दहा वर्षांसाठी घरपट्टी थोडी वाढवून ती चालू ठेवायची की नाही, यावर नोव्हेंबरात गावानं मत द्यायचं होतं. 'नाही' जिंकलं तर उन्हाळ्यात लायब्ररीला कुलूप.

ह्यांनी पहिल्याच दिवशी 'नाही'चा झेंडा उचलला. घरपट्टीचं पाणी आधीच डोक्यावरून गेलंय, पुस्तकं आता फोनमध्ये मिळतात, आणि एकदा वाढवलेला कर कमी झालेला कोणी पाहिलाय, हे त्यांचे तीन मुद्दे. 'हो'वाले म्हणायचे की महिन्याला दोन कॉफींचा तर खर्च. हे म्हणायचे, मी बाहेर कॉफी पीतच नाही. ते खरंच आहे, हे घरून थर्मास घेऊन निघतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगीत आलेख येऊ लागले. अंगणात 'व्होट नो'ची पाटी लागली, तीही लेव्हल लावून, एका बाजूला कललेली नको म्हणून.

समोरच्या अंगणात 'व्होट यस'ची पाटी होती, ती उपासनाची. उपासना नागपूरची. ती आणि तिचा नवरा बुद्धभूषण, दोघंही गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. घर घेतलं, घरपट्टी भरतात, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत इतके मागे आहेत की आपला नंबर लागेपर्यंत सियाचं लग्न होईल, असं ती हसून सांगते. सिया तिची मुलगी, दुसरीत आहे. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाट्या, आणि पाट्या लावणाऱ्या दोघांनाही मत नाही. मत होतं ते सोमवारी कचऱ्याचा डबा ओढत त्या दोन पाट्यांमधून जाणाऱ्या बाईला.

उपासना घरोघरी जाऊन कोणाकडे किती मतं ते विचारत होती. आमच्याकडे आली ती सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, घेऊनच. ह्यांनी तीन वड्या खाल्ल्या आणि तिन्ही मुद्दे सांगितले. शेवटी तिनं विचारलं, "काका, मग तुमची दोन 'नो'मध्ये धरू?" हे म्हणाले, "या घरातून 'यस' जाणार नाही, एवढं लिहून ठेव." इंजिनिअरचं वाक्य, त्यात खोटं एक अक्षर नाही. मी ओट्याशी उभी राहून भांडं उगाच दुसऱ्यांदा घासलं.

आता माझं सांगते. मला गाडी येत नाही. इथे आल्यावर ह्यांनी एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये मला एकच दिवस शिकवलं. ब्रेकच्या माणसाची बायको ब्रेक असा दाबते, हे त्यांना सहन झालं नाही, आणि ते ओरडले. मी गाडी तिथेच बंद केली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि पायी घरी आले. त्यानंतर कधी चाकाला हात लावला नाही. तेव्हापासून हे मला सगळीकडे नेतात. डॉक्टरकडे, देवळात, वाणसामानाला. माझ्या हळदीकुंकवालासुद्धा त्यांनी तासन् तास बाहेर गाडीत बसून काढलेत. 'नाही' कधीच म्हणाले नाहीत, आणि 'आटोप लवकर' म्हणायचेही कधी विसरले नाहीत.

पायी जाता येईल असं या गावात एकच ठिकाण आहे, ते म्हणजे लायब्ररी. चर्चवरून, दातांच्या दवाखान्यावरून, तळ्याकाठच्या भांडखोर बदकांवरून फूटपाथ थेट तिथे जातो. दर गुरुवारी मी तिथे जाते. लोकांनी दान दिलेली पुस्तकं मागच्या खोलीत निवडायची आणि विक्रीला लावायची, हे माझं काम. सोबतीला डॉरिस नावाची एक म्हातारी असते. तिचा खुबा दुखतो आणि तोंड अजिबात दुखत नाही. ती मला 'सू' म्हणते. सुचित्रा म्हणायला तिला जमत नाही आणि मला ते सू बरं वाटतं. त्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे असते, पर्सच्या आतल्या कप्प्यात. घराच्या, गाडीच्या, बँकेच्या लॉकरच्या सगळ्या किल्ल्या ह्यांच्या जुडग्यात आहेत. ही एक माझी. ह्यांना वाटत होतं की मी गुरुवारी मासिकं चाळायला जाते.

मी तेव्हाच का नाही बोलले? चाळीस वर्षांत आमच्यात वाद झाला तो मिठावरून. घरपट्टीवर वाद घालायची मला सवय नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण ते बोलावंही लागतं, आणि तिथेच माझं घोडं पेंड खात होतं.

ऑक्टोबरात मंडळाची दिवाळीची सभा भरली. भरली कुठे, तर लायब्ररीच्या हॉलमध्ये, कारण तो फुकट मिळतो. फराळाची वाटणी झाली आणि अध्यक्षांनी ह्यांना दहा मिनिटं दिली. ह्यांनी लायब्ररीच्याच प्रोजेक्टरवर आलेख लावले आणि लायब्ररीच्याच खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना विचारलं, "या वास्तूचा उपयोग आजकाल करतं कोण, सांगा बरं?" तेवढ्यात लायब्ररीची बाई दार किलकिलं करून विचारून गेली की अजून खुर्च्या हव्यात का. हे म्हणाले, हो, प्लीज, सहा. लोक इतके हसले की आलेख दोन मिनिटं तसेच भिंतीवर थांबले.

मग उपासना उठली. तिच्याकडे आलेख नव्हते. ती म्हणाली की घरात आम्ही सात जण आणि खोल्या दोन, त्यामुळे बारावीचा अभ्यास मी आमच्या विहाराला लागून असलेल्या वाचनालयात केला. ते वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून बांधलं होतं, आणि वर्गणी देणाऱ्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. एवढं सांगून ती ह्यांच्याकडे वळली.

"काका, मला इथे व्होट नाही. असतं तर मी कोणाच्या दारात गेले नसते, गुपचूप जाऊन देऊन आले असते. तुम्हाला आहे, म्हणून तुम्हाला मागतेय."

सगळ्यांना वाटलं, काका आता उत्तर देणार. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याच्या डब्याकडे पाहिलं. "पॉइंट नोटेड," एवढंच म्हणून हे खाली बसले. परत येताना गाडीत एक अक्षर बोलले नाहीत, सिग्नल पिवळा असताना पुढे गेलेल्या माणसाबद्दलही नाही.

माझी मतपत्रिका पोस्टानं आलेली होती. पुढच्या गुरुवारी दुपारचं जेवण झाल्यावर हे ती घेऊन टेबलाशी बसले. शेजारी पेन ठेवलं, नेहमीची चिठ्ठी ठेवली. मी ओल्या हातांनी समोर बसले. बाकीचे गोळे मी चिठ्ठीबरहुकूम भरले. लायब्ररीपाशी येऊन थांबले.

"तो 'नो'चा," हे म्हणाले.

"मी 'यस' भरणार आहे."

हे हसले. थट्टा वाटली त्यांना. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसणं थांबलं. त्यांनी पहिला मुद्दा काढला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मधेच तोडलं.

"अहो, मला गाडी येत नाही. या देशात मी माझ्या पायानं जाऊ शकते असं एकच ठिकाण आहे. तेवढं तुम्ही बंद करायला निघालात."

"मी नेतो की सगळीकडे. कधी नाही म्हटलंय?"

"कधीच 'नाही' म्हटलं नाहीत. म्हणून तर बोलता येत नाही." माझा आवाज कापत होता, तो मी कापू दिला. "पण कधीतरी कुणाला न विचारता घराबाहेर पडावंसं वाटतं हो. माझं मला."

खिडकीतून अंगणातली पाटी दिसत होती, अगदी सरळ उभी. एवढी सरळ पाटी साऱ्या गावात नव्हती. मला वाटलं आता उठून जातील, किंवा ग्राफ आणतील. हे उठलेच. पेन घेतलं, कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढून पाहिल्या आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मधेच अडकतं हे. बघून भर," म्हणाले आणि गॅरेजमध्ये निघून गेले. दार लावताना म्हणाले, "मतदान गुप्त असतं."

मी 'यस'चा गोळा भरला. इतका गच्च भरला की मागच्या बाजूला उमटला. पाकिटावर सही केली, कोट चढवला. गॅरेजमधून हे सवयीनं म्हणाले, "चल, सोडतो." मी म्हटलं, मी चालत जाते. जुडगं खिशातून अर्धं बाहेर आलं होतं, ते परत आत गेलं. "मग मीही येतो," म्हणाले, आणि आले. वाटेत बदकांनी त्यांना फार त्रास दिला. मला ती ओळखतात.

मतपत्रिकांची पेटी लायब्ररीसमोरच आहे. पाकीट टाकलं आणि गुरुवार होता म्हणून मी मागच्या दाराला गेले. पर्समधून किल्ली काढली.

"ही कसली किल्ली?"

"माझी," मी म्हटलं.

आत डॉरिस खोक्यांमध्ये बसली होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "सू, पाटीवाला नवरा तो हाच का?" चाळीस वर्षं मी सगळीकडे गिरीशची बायको होते. ह्यांनी निमूटपणे कोट काढला आणि विचारलं की खोकी कुठे ठेवायची. स्वयंपाकाची पुस्तकं त्यांनी उंचीप्रमाणे लावली, ती मला पुन्हा लावावी लागली.

लायब्ररी वाचली. 'हो'ला मतं बरीच जास्त पडली, त्यामुळे माझ्या एका मतानं काही बिघडलं नसतं, हे ह्यांनी मला त्याच संध्याकाळी दाखवून दिलं. दोन्ही अंगणांतल्या पाट्या ज्यांवर उभ्या होत्या त्या तारा त्यांनी वालाच्या वेलांसाठी जपून ठेवल्यात. आपल्याला मत नाही, हे मात्र त्यांनी मंडळात अजून कोणाला सांगितलेलं नाही. फक्त उपासनाला एकदा रस्ता ओलांडून जाऊन सांगून आले. काय बोलणं झालं कोण जाणे, येताना हातात वड्या होत्या.

जानेवारीत एका गुरुवारी मी निघाले तर हे दारात बूट चढवत होते. काखेत एक पातळ पुस्तक होतं, नागरिकत्वाच्या परीक्षेतल्या प्रश्नांचं. लायब्ररीत त्याचा वर्ग सुरू झालाय, फुकट आहे, म्हणाले. मला कळलं. 'पुढच्या वर्षी' आता संपलं होतं.

ते माझ्या लक्षात येऊ नये असं त्यांना वाटलं असावं. "गैरसमज नको," ते म्हणाले. "दहा वर्षांनी हे लोक परत कर मागायला येणार. तेव्हा 'नो' म्हणायला घरात कोणीतरी पाहिजे."

मी बरं म्हटलं. बर्फातून आम्ही चालत गेलो. ह्यांच्या घाईनं आम्ही फार लवकर पोचलो होतो, वर्गाचं दार उघडलं नव्हतं. म्हणून हे माझ्याबरोबर मागच्या दाराशी आले आणि खिशात हात घालून, मी पर्समधून किल्ली काढेपर्यंत बाजूला उभे राहिले. थंडीनं बोटं आखडली होती, मला वेळ लागला. 'आटोप लवकर' काही म्हणाले नाहीत.