वाढप्यांची पंगत

“उठायचं न्हाय! आज कुनीबी उठायचं न्हाय!”

पंगतीच्या मधोमध उभा राहून सिद्धाराम ओरडला आणि अर्धवट उठलेले आम्ही सगळे पुन्हा सतरंजीवर टेकलो. पुढ्यात कोऱ्या पत्रावळ्या. मीठसुद्धा वाढलेलं नाही. आत आचाऱ्याने पातेल्यांची झाकणं काढलेली, वांग्याच्या भाजीचा वास कार्यालयभर पसरलेला, आणि वाढायला एक माणूस नाही!

सिद्धाराम म्हणजे आमचा मुकादम. सोलापुरात कुणाला ऐनवेळी माणसं लागली की त्याचा फोन वाजतो आणि मग आमचे वाजतात. लग्नातलं वाढप हे मुख्य काम. बाकी मांडवात खुर्च्या लावणं, टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायची घाई झाली की घड्या घालून खोकी भरणं, थंडीत हुरडा पार्टीला कणसं भाजणं, जे येईल ते. सकाळी फोन, दुपारी काम, उद्याचं उद्या. मी बी.ए. झालो तेव्हा म्हटलं, नोकरी लागेपर्यंत चार दिवस करू. ते चार दिवस अजून चालू आहेत.

आज त्याच सिद्धारामच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं लग्न होतं. त्याने आणि गुरम्मावहिनींनी आमच्या घरोघर फिरून अक्षता दिल्या होत्या. प्रत्येकाला एकच बजावलं होतं, “पोराबाळांसकट यायचं. पाव्हना म्हनून यायचं. आन् पयल्या पंगतीला बसायचं.”

पहिली पंगत! आम्ही कायम शेवटी जेवणारी माणसं. पातेल्याच्या तळाला उरेल ते, मागच्या दाराशी, उभ्याउभ्या; ‘घ्या की’ म्हणणारं कुणी नाही. माझ्या बायकोने त्याच दिवशी साडी काढून ठेवली. आमच्यातला सर्वांत म्हातारा वाढपी कल्लप्पा, त्याने तर नीळ घालून धोतर धुतलं आणि टोपीलाही इस्त्री करून आणली. आनंद नुसता मावत नव्हता.

आणि गावभरच्या लग्नांना वाढपी पुरवणारा हा शहाणा घरच्या लग्नाला वाढपी सांगायलाच विसरला! विसरला म्हणावं तरी कसं? त्याच्या डोक्यात वाढपी म्हणजे आम्ही, आणि आम्ही तर येणारच होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

समोरच्या रांगेत नवऱ्याकडची मंडळी बसली होती. नवरदेवाचे मामा कुर्डुवाडीचे, रेल्वेतले. त्यांनी आवाज दिला, “काय व्याही, गाडी किती लेट हाय?” सगळे हसले, पण त्या हसण्याला धार होती.

गुरम्मावहिनी धावत आल्या. तोंड पार उतरलेलं. “अवो, उठू द्या की ह्यास्नी! पोरीच्या सासरची मानसं उपाशी बसल्यात. जल्मभर टोचून बोलतील तिला.”

खरंच होतं ते. माझे तर हात शिवशिवत होते. मी म्हणालो, “मुकादम, आत्ता वाढून मोकळं करतो. एवढं काय त्यात?”

“जोत्या, उठलास तर माज्या पोरीची शपत हाय.” त्याने माझा खांदा दाबून धरला. “आज तुमास्नी पाव्हनं म्हनून बोलावलंय मी. आन् ताट वाढायला लावू?”

एकीकडे पोरीचं सासर, एकीकडे आम्ही. मधे हा घामाने डबडबलेला. काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, त्याने एकदम खिशातून फोन काढला.

“शेठ, सिद्धाराम बोलतोय. अर्जंट मानसं पायजेत. वाढपाला. आत्ताच्या आत्ता.”

पलीकडे महेश्वरशेठ होते, आमचे केटरिंगवाले. निम्मी कामं त्यांच्याकडून येतात. हेच वाक्य, याच घाईत, आजवर त्यांनी आम्हाला ऐकवलं होतं. शेठ बिघडले तर आमचे फोन कायमचे गप्प.

फोनचा आवाज मोठा होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. “अरे, आज मी कुठनं माणसं आणू? सगळी तर तुझ्याकडंच हायत!”

“ती बसल्यात, शेठ. तुमीच या.”

माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरला.

“लग्नालाच आलोय, कार्यालयाच्या दारातच गाडी लावतोय,” शेठ म्हणाले. “आलो.”

आणि आले की! रेशमी शर्टाच्या बाह्या सारून, कमरेला पंचा गुंडाळून, मागोमाग दोन मुलगे आणि ड्रायव्हर. असं वाईट वाढप मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. मिठाआधी भात, चटणी उजवीकडे, आमटी माझ्या मांडीवर.

“शेठ, चटनी डावीकडं, डावीकडं!” आम्ही एका सुरात ओरडलो.

“गप खा रे!” शेठ ओरडले आणि सगळं कार्यालय खदखदून हसलं. तो गोंधळ पाहून कुर्डुवाडीच्या मामांनाही राहवेना. “आना ती बादली हिकडं,” म्हणत तेही उठले आणि भात घेऊन रांगेत शिरले. गुरम्मावहिनी पदराने डोळे पुसत हसत होत्या. नवरा-नवरी स्टेजवरून माना उंच करून बघत होते. मी जेवत होतो. बसून, गरम गरम, पहिल्या पंगतीला! शप्पथ सांगतो, त्या आमटीसारखी आमटी मी पुन्हा खाल्लेली नाही.

शेवटी जिलेबीचं ताट मात्र सिद्धारामने स्वतः उचललं. कुणालाच देईना. आग्रह करत करत तो कल्लप्पापाशी आला.

“घ्या की अण्णा, आजून एक.”

सिद्धारामने एक वाढली. मग आणखी एक. कल्लप्पाचं पोट केव्हाच भरलं होतं, तरी तो खाली मान घालून नुसता बसलेला. पत्रावळीवर जिलेब्यांचा ढीग झाला.

“अण्णा, पुरे असंल तर हात आडवा घाला की. न्हायतर मी वाढतच ऱ्हानार.”

कल्लप्पाने मान वर केली.

“घालतो रं,” तो म्हणाला. “आजून एकदा म्हन.”

सिद्धाराम ताट घेऊन त्याच्यासमोर खाली बसला. “घ्या की अण्णा,” तो हळूच म्हणाला. “माजी आन हाय तुमाला.”

मग कल्लप्पाने दोन्ही हात सावकाश पत्रावळीवर आडवे धरले.