लाल औषधाची गोष्ट

पारख्याने कॉमिकचा अंक मधोमध उघडून दिव्याखाली धरला, पानं जोडणाऱ्या तारांवर भिंग आणलं आणि तो "हं" म्हणाला. जपूला तो "हं" मुळीच आवडला नाही. दातांचा डॉक्टर असा "हं" करतो तेव्हा पुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

जपू हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. दिसेल ती वस्तू जपायची खोड, म्हणून थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं. विमा कचेरीतून निवृत्त होऊन केस पांढरे झाले तरी ते चिकटून राहिलं. त्याने बुटांची खोकी जपली, रिकाम्या अत्तराच्या बाटल्या जपल्या, पण तळहाताच्या फोडासारखी जपली ती कॉमिक्स. झगे घालून उडणाऱ्या, एका बुक्कीत भिंत पाडणाऱ्या वीरांची जुनी कॉमिक्स. प्रत्येक अंकाला पारदर्शक पिशवी, मागे कडक पुठ्ठा, अंक उभे, कपाट बंद आणि खिडकीला जाड पडदा, कारण ऊन रंग खातं. पाहुण्यांनी आधी हात धुवायचे, मग पुसायचे, आणि एवढं करून लांबूनच बघायचं. "मला एवढं जपलं असतंत तर मलाही दहापैकी नऊ मिळाले असते," असं त्याची बायको पाहुण्यांदेखत त्याला ऐकवायची.

त्या दुनियेत खरोखरच दहापैकी गुण असतात. कोपरा किंचित बोथट झाला, पाठीवर केसाएवढी घडी पडली, की गुण खाली आलेच. पारखी तपासतो, गुण देतो आणि अंक कडक पारदर्शक पेटीत कायमचा बंद करतो. मग तो कुणी वाचू शकत नाही. जपूच्या मते अंकाच्या आयुष्यात याहून मोठं सुख नव्हतं.

आज दिव्याखाली होता तो झगेवाल्याचा पहिला अंक. जपू लहान असताना वडिलांनी कोरा आणून त्याच्या हातात दिला होता. तेव्हापासून तो दुसऱ्या कुणाच्या हाती गेला नव्हता. पुढच्या महिन्यात संग्राहकांचं प्रदर्शन होतं आणि मधलं टेबल जपूला मिळालं होतं. त्यावरची पाटीसुद्धा त्याने आधीच रंगवून घेतली होती: 'एकाच मालकाची, कुणाचाही हात न लागलेली प्रत.' पेटी तेवढी व्हायची होती.

"मधलं पान या अंकाचं नाही," पारखी म्हणाला.

जपू हसला. पारखी हसला नाही. त्याने अगदी मधला दुमडलेला कागद चिमटीत उचलून दाखवला. त्याच्यावरची तारांची भोकं बाकीच्या कागदांशी जुळत नव्हती. कडेला तो जरासा बाहेर डोकावत होता. त्याचा कोपरा कुणीतरी खूण म्हणून दुमडला होता आणि नंतर बोटाने सरळ केला होता. आणि त्याच्या खालच्या पानावर, अगदी तारेजवळ, नखाएवढा फिका गुलाबी डाग होता.

"तारा उघडून परत मिटवल्यात कुणीतरी. हे पान दुसऱ्या प्रतीतलं आहे," पारखी म्हणाला. "आणि ते चांगलं दहा वेळा वाचलेलं आहे. बाकीची पानं मात्र वाचल्यासारखी वाटत नाहीत."

"शक्य नाही. हा माझ्याकडेच होता."

"तुम्ही शेवटचा उघडला कधी होता?"

खरं उत्तर असं होतं, की लहानपणी पिशवीत घातल्यानंतर त्याने तो कधी उघडलाच नव्हता. उघडल्याने पाठ सैल होते.

पारख्याने मग काय करता येईल ते सांगितलं. आहे तसा बंद केला तर चिठ्ठीवर 'संमिश्र प्रत' असं लिहावं लागेल, म्हणजे नाक कापलं गेल्यासारखंच. पण मूळ पान कुठे सापडलं आणि ते बाकीच्यांइतकंच स्वच्छ निघालं, तर ते जागच्या जागी बसवता येईल. मग या अंकाच्या तोडीची दुसरी प्रत नसेल.

जपूने अंक पिशवीत घातला, पिशवी पुठ्ठ्यात, पुठ्ठा खोक्यात, आणि तो तडक दादाच्या घराकडे निघाला. दुसरी प्रत कुठली ते त्याला विचारावं लागलं नाही. वडील सगळं दोन-दोन आणायचे, भांडण नको म्हणून. दोन भोवरे, दोन पट्ट्या, झगेवाल्याचे दोन अंक. जपूचा अंक दुसऱ्या दिवशीही कोरा असायचा. दादाचा संध्याकाळपर्यंत चार घरं हिंडून यायचा आणि येताना बहुधा एखादं पान कमी घेऊन यायचा.

शिवाय दादाला वस्तू उघडायची खोड. घड्याळ उघडलं, रेडिओ उघडला, वडिलांच्या सायकलचा मागचा भाग उघडला, आणि पुढे जन्मभर सायकलदुरुस्तीचंच दुकान चालवलं. हा माणूस अंकाच्या तारा उघडणार नाही तर कोण उघडणार? गंमत म्हणून दोन्ही अंक मोकळे केले असतील आणि परत जोडताना सरमिसळ केली असेल. जपूचा विश्वास बसला तो तिथेच बसला. रागात माणूस हिशेब पुरा करत नाही. त्याला एकच गोष्ट दिसत होती: आपलं कोरं, करकरीत पान दादाच्या त्या चिंध्या झालेल्या अंकात अडकून पडलं आहे.

तशी दादाच्या त्या अंकाची एक गोष्टच होती आणि ती अख्ख्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. जपूला लहानपणी सणकून ताप आला होता. डॉक्टरांनी लाल, गोड औषध दिलं होतं. दादाने ते चोरून प्यायला बाटली उघडली आणि स्वतःच्याच अंकावर सांडून घेतली. मग आईने त्याला असा काही बदडला की दोन दिवस त्याला पाठ टेकता येईना. माणसं जमली की जपू ही गोष्ट सांगायचा, आणि सांगायचा झकास. आईचा आवाज काढायचा, दादाचं लाल झालेलं तोंड करून दाखवायचा. लोक पोट धरून हसायचे. दादाही हसायचा. वहिनी मात्र गोष्ट सुरू झाली की काहीतरी काम काढून आत निघून जायच्या. जपूला वाटायचं, नवऱ्याची फजिती बघवत नसेल बिचारीला.

दादा पुढच्या खोलीत कुणाच्या तरी सायकलचं चाक मांडीवर घेऊन बसला होता. दुकान लेकीच्या नवऱ्याला दिलं तरी चाकं त्याला सोडत नव्हती. हात कोपरापर्यंत वंगणाने काळे.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हात धुवून आलात, की इथे धुणार?"

एरवी जपूने याला काहीतरी उत्तर दिलं असतं. आज त्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पारखी काय म्हणाला, भोकं कशी जुळत नाहीत, आपलं नाक कसं कापलं जाणार. शेवटी आवाज चढलाच.

"माझ्या अंकाच्या तारा तू उघडल्यास की नाही, एवढंच सांग."

दादाने चाक एकदा फिरवलं, ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघितलं आणि मग म्हणाला, "उघडल्या."

"मग माझं पान कुठे आहे?"

"आता कशाला ती जुनी मढी उकरतोस? चहा घे."

पण वहिनी उठल्या होत्या. त्या आत गेल्या, कपाटाचं दार वाजलं, आणि त्या लगेच परत आल्या. एवढ्या वर्षांनी ती वस्तू शोधायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही, हे जपूच्या तेव्हा लक्षात आलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला अंक त्यांनी दिरासमोर ठेवला. दादा "अगं" म्हणाला.

जपूने वर्तमानपत्र सोडलं. मुखपृष्ठ निम्मं उरलं होतं, झगेवाल्याला एक पाय नव्हता. पानांचे कोपरे मऊ पडून गोल झालेले, कडांना बोटांचे ठसे. त्याने सवयीने अलगद, एकेक पान उलटलं. आठवं पान मळकट, पण डाग नाही. बारावं, डाग नाही. मग मधलं पान आलं.

या पानाचे चारही कोपरे सुरीसारखे धारदार होते. एकाही बोटाचा ठसा नव्हता. जणू आज छापून आलं होतं. झगेवाला कोसळणारा पूल पाठीवर तोलून धरत होता, दोन पानं व्यापून, आणि त्याच्या खांद्यापासून पायापर्यंत वाळलेल्या औषधाचा लाल ओघळ पसरला होता.

जपूने ते पान उलटलं. खालच्या पानावर काही नव्हतं. लाल ठिपकासुद्धा नाही. एवढं औषध वरच्या पानावर सांडलं होतं आणि खालच्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्याने पान परत मागे घेतलं, पुन्हा उलटलं. मग स्वतःच्या खोक्याकडे बघितलं. आत, पुठ्ठ्यामागे, पिशवीत, त्याच्या कोऱ्या अंकात नखाएवढा गुलाबी डाग होता.

तो खुर्चीवर बसला. कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं.

त्याला अंथरूण आठवलं. उशीला टेकून गुडघ्यावर धरलेला अंक आठवला, शेजारची उघडी बाटली आठवली, आणि पुलावर पसरत जाणारा लाल रंग. तापात आपल्याला असलं काहीतरी स्वप्न पडलं होतं, असं तो आजवर समजत होता. जाग आली तेव्हा अंक उशाशी होता, स्वच्छ. आणि बाहेर आई दादाला मारत होती.

"औषध मी सांडलं," जपू म्हणाला.

"तापच तेवढा होता तुला," दादा म्हणाला. "हात लटपटत होते."

"मग तू..."

"तू रडायचा थांबेनास रे. अंक गेला, अंक गेला, एकच धोशा. रडून ताप आणखी चढत होता. आई बाहेर गेलेली. मग तुला डोळा लागल्यावर तिची केसांची पिन घेऊन तारा उघडल्या, आणि पानं बदलली. माझ्या अंकाचं काय, त्याचं तसंही भजंच व्हायचं होतं." त्याने फडक्याला हात पुसले, ते पुसले गेले नाहीत. "बाटली अर्धी रिकामी दिसली, तेव्हा कुणीतरी सांडलेली असायलाच हवी होती."

"सांगायचं तरी मला. नंतर कधीतरी."

दादा जरा ओशाळला. जणू चूक त्याचीच होती.

"सांगणार होतो. पण तू ती गोष्ट इतकी छान सांगायचास."

जपूला लाज वाटली. साधी, सरळ, लहान मुलाला वाटते तशी लाज. कान तापले, आणि कुठे बघावं ते कळेना. किती घरांतून, किती ताटांवर बसून आपण ही गोष्ट सांगितली. दादाच्या लेकीच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा सांगितली. त्याने वहिनींकडे बघितलं. त्या चहाचे कप मांडत होत्या, आणि एकेक कप गरजेपेक्षा जोरात ठेवत होत्या.

त्याने चहाचा कप उचलला. काही बोलायला गेला असता तर रडला असता, आणि त्या खोलीत त्याच्या रडण्याचा हिशेब आधीच बराच मोठा झाला होता. चहा पिऊन त्याने दादाचा अंक मागितला, प्रदर्शनापुरता. दादा म्हणाला, ने की, पण त्या चिंधीचं तू करणार काय? धुवायला टाकणार की काय?

पारख्याने फोनवर विचारलं, मूळ पान मिळालं का. मिळालं, जपू म्हणाला. मग कधी बसवायचं? बसवायचं नाही, आणि पेटीही नको. पारख्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याने समजावून बघितलं, की उघडा ठेवलात तर दिवसभरात पाठ सैल होईल. होऊ दे, जपू म्हणाला.

प्रदर्शनाच्या दिवशी मधल्या टेबलावर काचेखाली दोन अंक होते, दोन्ही मधोमध उघडलेले. डावीकडे स्वच्छ पूल, उजवीकडे लाल पूल. पाटी नव्हती. बाकीच्या टेबलांवर पेट्यांतले अंक चमकत होते, आणि गर्दी मात्र इथेच थबकत होती. जपूच्या ओळखीचे संग्राहक आले, नात्यातली माणसं आली. दादा नवा सदरा घालून आला होता. सवयीप्रमाणे हात पाठीमागे बांधून तो टेबलापासून दोन पावलं लांब उभा राहिला, आणि वहिनी त्याच्या शेजारी.

"हा तोच ना, दादाने औषध सांडलेला?" कुणीतरी विचारलं आणि आधीच हसायला लागलं. "अरे, सांग की ती गोष्ट. यांनी ऐकलेली नाही."

चारजण आणखी जवळ सरकले. जपूने घसा साफ केला.

"मला लहानपणी सणकून ताप आला होता," त्याने सुरुवात केली.

वहिनींनी पर्स खांद्यावर घेतली आणि त्या पाण्याच्या पिंपाकडे जायला वळल्या.

"वहिनी," जपू म्हणाला, "आज जाऊ नका. ऐका."