गोठ्यातली पंगत

“सुटला का गुंता?” इल्देने भांड्यातली शेवई ढवळता ढवळता विचारलं.

“सुटेल. कुण्या गाढवानं केलाय, कुणास ठाऊक!” कोपऱ्यातल्या स्टुलावरून ओरेस्ते करवादला.

ते गाढव म्हणजे इल्दे स्वतःच. रोज दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की ती द्राक्षवेली बांधायची सुतळी घेऊन मागच्या अंगणात जायची आणि तिचा असा काही गुंता करून ठेवायची की मांजरानेही हात टेकावेत. पाहुण्यांची जेवणं उरकेपर्यंत म्हाताऱ्याने स्वयंपाकघरातून हलू नये, एवढ्यासाठीच तिचा सगळा खटाटोप चालायचा.

ओरेस्तेला आजकाल सकाळचं दुपारी आठवत नसे. जुनं मात्र सगळं लख्ख आठवे आणि तेच अंगाशी येई. कारण त्याच्या आठवणीतलं घर आता राहिलं नव्हतं. मुलाने, फाउस्तोने, वरच्या खोल्या सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना दिल्या होत्या. खालच्या गोठ्यात टेबलं मांडली होती. गव्हाणीत वाइनच्या बाटल्या आणि बैल बांधायच्या कड्यांना दिवे. खरंखुरं खेडं बघायला माणसं हॉलंडहून, जर्मनीहून येत. त्या घरात खरंखुरं म्हणावं असं ओरेस्तेशिवाय काही उरलं नव्हतं, आणि नेमका तोच कुणाला दिसता कामा नये, असा हुकूम होता.

गेल्या आठवड्यात तो बुटांसकट एका पाहुणीच्या पलंगावर जाऊन झोपला. त्याचं तरी काय चुकलं? जन्मभर तो त्याच खोलीत झोपला होता. फाउस्तोचा जन्मही तिथलाच. पण बाई किंचाळली, आणि फाउस्तोने आईला बजावलं, “अजून एकदा असं झालं ना, तर सोमवारी बाबांना नन्सच्या वृद्धाश्रमात सोडून येणार. जागा बघून ठेवलीय मी.”

तेव्हापासून इल्देच्या जिवाला घोर लागला होता. आश्रमात गेलेला म्हातारा परत आल्याचं त्या डोंगरावर कुणी पाहिलं नव्हतं.

परवा शेजारचा सेत्तिमिओ गेला. शवपेटी चर्चमधून बाहेर आली तशा रीतीप्रमाणे गावाने टाळ्या वाजवून त्याला निरोप दिला. ओरेस्तेने टोपी काढली आणि खणखणीत आवाजात विचारलं, “कोण गेलं गं?”

ज्याच्याबरोबर उभा जन्म पत्ते कुटले, तोच माणूस. इल्देला रडू फुटत होतं. “चांगला माणूस होता,” एवढंच ती म्हणाली. मग ओरेस्तेनेही मनापासून टाळ्या वाजवल्या.

आज शेवईची थाळी टेबलावर ठेवून ती परत आली तर स्टूल रिकामं. सुतळीही नाही. ती अंगणात धावली, विहिरीकडे धावली. “ओरेस्ते! अरे कुठं गेलास?” इतक्यात गोठ्यातून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

दिवस मावळला की गुरं आत घ्यायची, हे मात्र ओरेस्ते विसरला नव्हता. पाहुण्यांच्या मुलांना कुरवाळायला ठेवलेली म्हातारी पांढरी गाय, पेर्ला, हिच्या शिंगांना त्याने तीच सुतळी तिपेडी करून बांधली होती आणि मोठ्या कमानीतून तिला थेट पंगतीत आणलं होतं.

“सरका, सरका! गुरं आत यायची वेळ झाली. आणि ही टेबलं कुणी मांडली हो गोठ्यात?” त्याने गाय कडीला बांधली. गव्हाणीतल्या बाटल्या एकेक करून, फुटू न देता, जमिनीवर ठेवल्या. गवत दिसेना, तेव्हा एका डच बाईच्या पुढ्यातला पाला उचलून गव्हाणीत टाकला. पेर्ला निवांत खाऊ लागली.

दारात इल्दे आणि समोर फाउस्तो, दोघांचेही चेहरे पांढरेफटक. संपलं सगळं, इल्देला वाटलं. तेवढ्यात एक पोर खदखदून हसलं. कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळी पंगत उभी राहून टाळ्या पिटू लागली. सगळ्यांचे फोन वर झाले. ओरेस्ते गायीची पाठ थोपटत होता. त्याचं लक्षच नव्हतं. इल्देला हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणून लाजही वाटली.

पाहुणे उठल्यावर फाउस्तो स्वयंपाकघरात आला. “आई, असं कुठंच बघितलं नाही म्हणतायत! उद्यापासून रोज करू. बाबांना जरा नीट कपडे घाल, म्हणजे झालं.”

“बाप आहे तो तुझा. दारोदार नाचवायचं अस्वल नाही.”

“मग आश्रम.” तो खुर्चीत बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. “मीपण थकलोय गं. दोन्हीतलं एक काय ते तू सांग.”

इल्देने ओटा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“कुठलं जाकीट घालू?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने सुतळीचा गुंता केला नाही. संध्याकाळी नवऱ्याला काळं जाकीट चढवलं, गळ्यापर्यंत बटणं लावली, टोपी ठेवली.

“कुठं जायचंय?”

“पेर्लाला आत घ्यायचंय.”

“त्याला जाकीट कशाला?”

तिने त्याची टोपी सारखी केली.

कमानीत पांढरी शिंगं दिसताच टाळ्यांचा कडकडाट झाला. आज पाहुणे आधीच उभे होते. ओरेस्ते थबकला. त्याने त्या अनोळखी चेहऱ्यांकडे पाहिलं, अंगातल्या काळ्या जाकिटाकडे पाहिलं. सुतळी मनगटाला गुंडाळून त्याने हळूच टोपी काढली आणि छातीशी धरली. दारापाशी इल्दे उभी होती. तो तिच्या कानाशी वाकला.

“कोण गेलं गं?”

“आपल्यातलाच,” ती म्हणाली. “चांगला माणूस होता.”

“मग तू का गप्प? वाजव की.”

तिने हातातली थाळी जमिनीवर ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.